नदी दुपारची आली

उत्तमदादा,

काल तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं आणि मी एका वाक्यात खाली बसले. वीस वर्षं तुमच्याशी भांडताना मला कधी शब्द कमी पडले नाहीत, आणि काल विहारातल्या माइकसमोर घसा असा बसला की मागच्या बायकांना वाटलं माइकच बंद पडलाय. तुमच्या सुनेनं, संगीतानं, पाणी आणून दिलं. मी ते प्यायले, 'उत्तमदादा फार प्रामाणिक होते' असं कुणाबद्दलही म्हणता येईल असं एक वाक्य बोलले आणि जागेवर येऊन बसले. आज सकाळी पडेगावच्या घरी चहाला उकळी येईपर्यंत मला सगळं भाषण आठवलं. आता ते तुम्हालाच सांगते.

आपण जिंकलो, दादा. हे आधी सांगते, कारण काल सगळे इतक्या हळू आवाजात बोलत होते की कुणाला वाटावं तुम्ही काहीतरी हरून गेलात. कुणी म्हणालं, बिचारे नदीपायी झिजले. कुणी म्हणालं, शांत स्वभावाचे होते, कुणाला कधी उलटून बोलले नाहीत. मी ओढणी तोंडाला लावली. लोकांना वाटलं रडतेय. मला तुमचा ऑफिसच्या फोनवरचा आवाज ऐकू येत होता, "म्याडम, तुमच्या हापिसात नुस्ते आकडे हायेत, पाणी नाय." उलटून बोलण्यात तुमचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. मी याची साक्षीदार आहे आणि बऱ्याच वेळा बळीही मीच होते.

मी नोकरीला लागले तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि माझ्या टेबलावर काम एकच होतं. नद्यांवरून येणारी रजिस्टरं उघडायची आणि त्यातले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. त्यातलं एक रजिस्टर कन्नड तालुक्यातल्या तुमच्या गावचं. नदी तशी लहान, घाटाकडच्या डोंगरात उगवणारी आणि खाली शिवनेला मिळणारी. काठावर रोवलेल्या मोजपट्टीवर सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला पाणी किती आहे ते वाचून लिहायचं, ही तुमची ड्युटी. मी पहिल्यांदा तपासणीला आले तेव्हा तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उकिडवे बसला होतात. मी नवी, हातात फाईल, अंगात अधिकार. म्हटलं, "उभे राहून वाचा ना, लवकर होईल." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "उभ्यानं वाचलं की पाणी कमी-जास्त दिसतंय म्याडम. बसा तुमीबी." मी नवा ड्रेस घातला होता, म्हणून बसले नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यावरून मी स्वतःवरच चिडले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

भांडण सुरू झालं ते शेऱ्यावरून. रजिस्टरात तारीख, वेळ, पातळी आणि शेवटी 'शेरा' असा एक रकाना असतो. बाकीच्या गावांहून तिथं 'निरंक' यायचं, फार तर 'पट्टीला गाळ बसला'. तुम्ही तिथं काय काय लिहायचात. 'दुपारी तीनला पाणी आलं. बाभळीच्या दुसऱ्या फांदीला लागलं. पाचला उतरलं.' 'आज पाणी लाल. वरल्या शेतांची माती चालली.' 'डोहात म्हशी बसंनात. पाणी पोटाखाली.' एकदा रकाना पुरला नाही म्हणून तुम्ही समासात चढलात आणि तिथून पुढच्या पानावर. मी फोन लावला. "दादा, हे रजिस्टर आहे, रोजनिशी नाही."

"मंग शेऱ्याचा रकाना कामून छापलाय?"

रकाना कागदावर छापलेला होता खरा. कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात शेऱ्याला जागाच नव्हती. सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, की दिवस संपला. तुमचे शेरे मी वाचायचे, हसायचे, कधी शेजारच्या टेबलाला वाचून दाखवायचे आणि पान उलटायचे.

दुसरं भांडण याहून मोठं आणि बरीच वर्षं चाललेलं. तुम्ही म्हणायचात, नदी बदलली. "आदी होळीपोत्तर धार राहायची. आता दिवाळी झाली की डबकी. आन् येती तवा लई येती, एका दुपारात येऊन जाती." मी तुमच्या भागातल्या पावसाचे जुने-नवे आकडे काढून बसले. वर्षाचा पाऊस कधी कमी, कधी जास्त, पण सरासरीत म्हणण्यासारखा फरक दिसेना. फोनवर तसं तुम्हाला ऐकवलं, थोडं ठसक्यातच. तुम्ही विचारलंत, "सरासरी काय तुमच्या हापिसापुढून वाहती व्हय?" मी फोन आपटला. त्या फोनला त्यानंतर कायम खरखर होती.

मग एका रविवारी तुम्ही मला डोंगरात नेलंत. आम्ही ज्याला पाणलोट क्षेत्र म्हणतो, म्हणजे जिथं पडलेलं सगळं पाणी शेवटी एकाच नदीत उतरतं तो मुलूख, त्याला तुम्ही नदीचं माहेर म्हणायचात. मला धाप लागलेली आणि तुम्ही पुढे, चपला हातात घेऊन. तुमच्या लहानपणी बारमाही असलेले झरे तुम्ही एकेक करून दाखवलेत. एका ठिकाणी नुसता ओला डाग होता, बाकीच्या ठिकाणी तोही नव्हता. तिथं तुम्ही पाण्याची बाटली उघडलीत. अर्धी थेंब थेंब करत मातीवर सोडली. माती पीत गेली, खाली ओघळ आला नाही. उरलेली अर्धी एकदम ओतलीत. पाणी मातीवरून घसरून माझ्या बुटांपर्यंत आलं. "पाणी तेवढंच हाय ना म्याडम?" एवढंच विचारलंत. आणि मग प्यायला पाणी उरलं नाही म्हणून परतताना दोघंही कोरड्या घशानं उतरलो, ते वेगळं.

सोमवारी ऑफिसात मी पावसाची बेरीज सोडली आणि पावसाचे दिवस मोजले. पाऊस जवळपास तेवढाच पडत होता, पण कमी दिवसांत पडत होता. दिवस गळून गेले होते आणि उरलेल्या दिवसांचं वजन वाढलं होतं. हवा तापते तशी ती जास्त वाफ धरून ठेवते, आठवडेच्या आठवडे कोरडे घालवते आणि मग एका दुपारी सगळं रितं करते. जमिनीला पिऊन घ्यायला सवड मिळत नाही, म्हणून झरे आटतात आणि पूर चढतो. एकाच नदीला एकाच वर्षात दोन्ही दुखणी. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तुमच्या नदीवर ते लावून पाहायचं मात्र मला सुचलं नव्हतं. फोन केला तेव्हा वाटलं होतं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही म्हणालात, "आता बोरबी मोजा. वर शंभर बोरं पाडल्यात, ते काय हवेनं पाडलं?" तिथून नवं भांडण. नदी आटली त्यात तापलेल्या हवेचा हात किती आणि आपल्या माणसांचा किती, यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. मी हवेकडे झुकायचे, तुम्ही बोरवेलकडे. अजूनही मला वाटतं तुम्ही हवेला फार लवकर सोडून देत होतात.

आता त्या दगडाचं सांगते, कारण तिथं आपली भांडणं गमतीची राहिली नाहीत.

तुमच्या वस्तीला घरकुलं मंजूर झाली. जागा ठरली नदीकाठची, सखल, काळी, रस्त्याला लागून. बांधकामाआधी पूररेषा लागते. मोठ्या पुरात पाणी कुठवर येतं ते काढायचं, तिथं दगड रोवायचे आणि त्याच्या आत कुणी घर बांधायचं नाही. तुमच्या नदीची रेषा काढायचं काम माझ्याकडे आलं. एवढ्या वर्षांचे आकडे होते, सगळे माझ्याच हातानं भरलेले. मी आनंदानं काढली. दगड रोवले गेले आणि घरकुलांची जागा रेषेबाहेर, सुरक्षित ठरली. वस्तीत पेढे वाटले. संगीताचं घर तिसऱ्या रांगेत आखलेलं होतं. तिनं छोट्या कुंडीत बोधिवृक्षाचं रोप आधीच लावून ठेवलं होतं, दारात ठेवायला.

त्या आठवड्यात तुम्ही एसटीनं शहरात आलात. खांद्यावर युरियाची रिकामी गोणी, गोणीत रजिस्टरांच्या तुमच्याकडच्या प्रती. माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणालात, "तुमी दगड नदीत रोवलाय." मी म्हटलं, हिशेबात कुठं चूक आहे दाखवा. मला राग आला होता, हे कबूल. इतक्या वर्षांचं काम, आणि एक मोजपट्टी वाचणारा माणूस सगळ्या ऑफिसासमोर ते खोडतोय. तुम्ही खुर्ची ओढलीत, रजिस्टर उघडलंत आणि बोट शेऱ्यावर ठेवलंत. दुपारी तीनला आलं, पाचला उतरलं. दुपारी दोनला आलं, साडेचारला उतरलं. दुपारी. दुपारी. पान उलटत गेलात. त्या त्या दिवशी सकाळी आठचा आकडा साधा आणि संध्याकाळी सहाचाही साधाच. सगळे मोठे पूर आठनंतर आले होते आणि सहाच्या आत निघून गेले होते. माझ्या कॉम्प्युटरात ती नदी कधी फुगलीच नव्हती. आणि त्या फुगलेल्या नदीच्या वाटेत मी तुमची अख्खी वस्ती बसवायला निघाले होते.

मी 'बघते' म्हटलं. त्या क्षणी माझ्या तोंडून निघालेला तो एकमेव शब्द होता, आणि तो चांगला शब्द नव्हता. तुम्ही उलट माझीच समजूत काढलीत. "मशीनीला रकानाच नाय, त्यात तुमचा काय कसूर?" पुढची सगळी वर्षं तुम्ही हेच सांगत राहिलात. गावात सांगितलंत, मोठ्या साहेबांना सांगितलंत. ते खरं नव्हतं, दादा. तक्त्यात एक रकाना वाढवून मागायला एक अर्ज पुरला असता. तो अर्ज मला ठाऊक होता. नवीन असतानाच एकानं सुचवलाही होता. मी केला नाही, कारण मग तुमचे शेरे मलाच टाइप करावे लागले असते आणि काम तिप्पट झालं असतं. मशीननं काही गाळलं नाही, मी गाळलं. गेल्या महिन्यात तुमच्या खाटेशी बसले होते तेव्हा हे सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही झोपेतून जागे झालात आणि विचारलंत, "वर डोंगरात पाऊस हाय का?" मी म्हटलं आहे. मग आपण पावसाबद्दलच बोललो. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. ती वेळ तुम्ही दिली नाहीत.

पण 'बघते' म्हटल्यावर मी खरंच बघितलं, एवढं माझ्या बाजूनं लिहून घ्या.

त्या उन्हाळ्यातले ते दिवस माझ्या सगळ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. उंची मोजायची दुर्बीण तिवईवर, मी दुर्बिणीला डोळा लावलेली, आणि तुम्ही लांब मोजकाठी घेऊन नदीकाठानं फिरताय. 'बाभळीची दुसरी फांदी' हा तुमच्यासाठी आकडा होता. मला त्याचे मीटर करायचे होते. तुम्ही बाभळीवर चढलात, त्या वयात, आणि फांदीला काठी टेकवून ओरडलात, "घ्या." विहिरीचा काठ, धुण्याचा दगड, विहाराची खालून चौथी पायरी. एक आंबा तोडला गेला होता, तर त्याच्या खोडक्याजवळ उभे राहून आपल्या छातीला हात लावलात, इथवर. मी म्हटलं, दादा, छाती पुराव्यात चालत नाही. मग तुम्ही मला शेजारच्या पडक्या भिंतीपाशी नेलंत आणि वरच्या दोन दगडांच्या फटीत बोट घातलंत. आत वाळलेला गाळ होता, गवताच्या काड्यांसकट, बरोबर तुमच्या छातीच्या उंचीला. मी खाली बसून हसत सुटले. तुम्ही विचारत राहिलात, काय झालं, चुकलं का काही.

चुकलातही. हे आज कुणीच सांगणार नाही म्हणून मी सांगते. 'पुलाच्या कठड्याला पाणी लागलं' असा शेरा दोन वेगवेगळ्या वर्षांत होता. मधल्या काळात पुलावर डांबराचे थर चढले होते आणि कठडाही नव्यानं वर बांधला होता. जुन्या पुराला तुम्ही नवा कठडा धरलात आणि तो हातभर जास्त उंच झाला. मी जुन्या कठड्याचा दगड खालून शोधून दाखवला तर तुम्ही काठी जमिनीवर ठेवून घरी निघून गेलात. दोन दिवस फोन उचलला नाहीत. तिसऱ्या दिवशी तुमचाच आला, "तेवढं कमी करा. नायतर उद्या येकजण तेच येक धरून बाकीचं समदं खोटं पाडंल." मी ते केव्हाच कमी केलं होतं, पण तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं.

आणि मग ती बैठक. नव्या हिशेबानं रेषा काळ्या जमिनीवरून वर सरकून थेट माळाच्या पायथ्याला गेली होती. मोठ्या साहेबांनी नकाशा पाहिला आणि मला विचारलं, "मॅडम, शेऱ्यांवरून पूररेषा काढायची पद्धत कुठल्या नियमात आहे?" मी नियम सांगू लागले. त्यांनी हात वर केला आणि तुमच्याकडे वळले. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भिंतीलगतच्या खुर्चीत ताठ बसला होतात. "तुमची ड्युटी सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. दुपारी तीनला तुम्ही नदीवर काय करत होता?"

"साहेब, नदी दुपारची आली, म्हून मी दुपारचा गेलो."

साहेबांनी नकाशा पुन्हा ओढून घेतला, एकेका खुणेवर पेन ठेवत प्रत्येकीचा पुरावा विचारला, आणि आपण दोघांनी आळीपाळीनं दिला. पडक्या भिंतीतल्या गाळाचं ऐकून ते म्हणाले, तो गाळ मला बघायचाय. पुढच्या आठवड्यात खरंच आले आणि त्यांनीही फटीत बोट घातलं. महिन्याभरात रेषा मंजूर झाली.

गावात मात्र तुमचा सत्कार झाला नाही. घरकुलं काळ्या जमिनीवरून उचलून माळावर गेली, म्हणजे खडक, ऊन, पाण्याला लांब आणि रस्त्याला त्याहून लांब. वर्षभर काम लांबलं. तुमच्याच भावकीतली माणसं तुम्हाला जयभीम घालायची बंद झाली. कुणी म्हणे, म्हातारा शहाणा झाला आणि आम्ही उन्हात आलो. मी एकदा घरी आले तेव्हा संगीतानं तुमच्यासमोरच मला सांगितलं, "म्याडम, माझं घर ह्यांच्या नदीनं खाल्लं. पाणी यायच्या आदीच खाल्लं." तुम्ही जेवत होतात. घास तसाच ठेवून बाहेर जाऊन बसलात. मागून मी आले तर म्हणालात, "ती खोटं बोलत नाय. पूर आलाच नाय तर मी पोरीचं घर मोडलं." त्या दिवशी मला पहिल्यांदा तुमची भीती दिसली. रेषा बरोबर आहे याची तुम्हाला खात्री होती, पण ते सिद्ध व्हायला पूर यावा असंही तुम्हाला म्हणवत नव्हतं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, दादा.

घरं झाली. लोक माळावर राहायला गेले, कुरकुरत. तुम्ही निवृत्त झालात आणि पट्टीच्या जागी स्वयंचलित यंत्र आलं, पंधरा-पंधरा मिनिटांनी पाणी मोजून शहरात पाठवणारं. तुम्ही त्याच्याकडे संशयानं बघायचात, पण एकदा हळूच विचारलंत, "हे दुपारचं मोजतंय ना?" मी म्हटलं, दुपारचं आणि पहाटेचंही. त्यावर तुम्ही इतके खूश झालात की मलाच अवघडल्यासारखं झालं.

आणि मग या भाद्रपदातली ती दुपार. आधीचे कितीतरी दिवस थेंब नव्हता, कपाशी माना टाकत होती. दीड वाजता ऑफिसात तुमचा फोन. "डोंगर काळा झालाय. वरून मातीचा वास येतोय." तुम्ही माळाच्या कडेला खुर्ची टाकून बसला होतात, छातीचं दुखणं घेऊन, डॉक्टरांनी बाहेर पडू नका सांगितलं असताना. मी कॉम्प्युटर उघडला. यंत्राचे आकडे चढायला लागले. तुम्ही फोनवर सांगत होतात, आता धुण्याचा दगड गेला, आता विहिरीचा काठ, आणि इकडे माझ्या पडद्यावर तीच पातळी मीटरमध्ये येत होती, थोडी मागेपुढे, पण तीच. इतकी वर्षं तुम्ही पाणी बघितलं आणि मी कागद. त्या तासाभरात पहिल्यांदा आपण दोघं एकाच वेळी एकच नदी बघत होतो. काळ्या जमिनीवरचा माझा जुना दगड पाण्याखाली गेला. मग तुमच्याकडे नेटवर्क गेलं आणि मी जीप काढायला लावली.

पोचायला पाच वाजले. पाणी उतरायला लागलं होतं. जिथं आधी घरकुलं होणार होती, संगीताची तिसरी रांग जिथं आखली होती, तिथं दोन पुरुष पाणी अजून घोंघावत होतं आणि त्यातून मुळासकट झाडं वाहत चालली होती. माळाच्या पायथ्याच्या नव्या दगडापाशी मी वाकून पाहिलं. काडीकचऱ्याची ओली रेघ दगडाच्या चार बोटं खाली थांबली होती. वर चढून तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "चार बोटं चुकलात." मी म्हटलं, "चुकले नाही, राखून ठेवली." तुम्ही इतके हसलात की खोकल्यानं तुम्हाला वाकवलं.

ना माणूस गेलं, ना शेळी. खालच्या गावांतून पाण्यात अडकलेल्यांचे फोन येत होते, पुढे कन्नडचा रस्ता बंद झाला होता, आणि तुमच्या वस्तीत पोरं दारात उभी राहून पूर बघत होती. तुमची भावकी एकेक करून खुर्चीपाशी येत होती. कुणी माफी मागितली नाही, त्यांच्यात तशी रीत नाही. नुसते येऊन जयभीम घालून उभे राहायचे. तुम्ही प्रत्येकाला उलट जयभीम घालत होतात आणि मधूनमधून डोळे पुसत होतात, वाऱ्यानं पाणी येतंय म्हणून सांगत.

मग संगीता आतून बाहेर आली. मला वाटलं तिला काही बोलायचंय. तिच्या हाताला पीठ होतं. तिनं खाली नदीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तुम्हाला विचारलं, "मामा, भाकरी ज्वारीची टाकू का बाजरीची?"

तुम्ही म्हणालात, "ज्वारीची. म्याडमबी जेवतील."

त्या संध्याकाळी माळावरच्या एकूण एक घरातून धूर निघत होता, दादा. खाली तुमची नदी गर्जत होती आणि वर तुमच्या वस्तीत रोजच्या वेळेला रोजचा स्वयंपाक होत होता.